कोण घासणार?

आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी मी कळव्याहून वर्तकनगरला पोचले, तेव्हा वसाहतीच्या हॉलबाहेर दादा टेम्पोतून खोकी उतरवून घेत होता. चंदेरी कागदाची ताटं, प्लास्टिकच्या वाट्या, प्लास्टिकचे चमचे आणि पाण्याच्या वीतभर बाटल्या. त्यातलं दोन घोट पाणी पिऊन माणसं बाटली तशीच खुर्चीखाली सोडून जातात, त्या. आत आईच्या फोटोला पांढरी फुलं वाहिली होती.

माझं डोकं तिथेच फिरलं.

आई दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन दोरीवर वाळत घालायची. दादा म्हणायचा, गरिबी गेली तरी आईची सवय जात नाही. गरिबीचा काही संबंध नव्हता. तिचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. लोक जे टाकतात ते कुणाच्या हातात जातं, हे तिने घरात पाहिलं होतं. लग्नाच्या पंगतीनंतर उष्ट्या पत्रावळींचा ढीग दिसला की ती म्हणायची, "हे आता आपल्यातलंच कुणीतरी उचलणार." तेवढंच. जास्त बोलायची नाही.

बोलण्याऐवजी तिने एक काम केलं होतं. मी शाळेत होते तेव्हा वसाहतीतल्या बायकांना गोळा करून तिने महिला मंडळासाठी भांडी घेतली. कल्याणच्या बाजारात सगळ्या मिळून गेल्या आणि स्टीलची ताटं, वाट्या, पेले, मोठी पातेली घेऊन आल्या. प्रत्येक ताटावर मंडळाचं नाव कोरून घेतलेलं. आमच्याकडची बारशी, लग्नं, जयंतीचं जेवण, सगळं त्या ताटांत झालं. माझ्या लग्नाची पंगतही.

"दादा, मंडळाची ताटं कुठायत?" मी विचारलं.

"असतील कमिटीच्या खोलीत. का?"

"का म्हणजे? आईच्या जेवणाला हे आणलंस तू?"

"अगं, कोण घासणार एवढं? बायका आता येत नाहीत. कामवाल्या नको म्हणतात. सगळे हेच आणतात."

मी तडक वसाहतीच्या सेक्रेटरींच्या दारात गेले. त्यांनी चावी दिली, पण शांतपणे म्हणाले, "मॅडम, ते सगळं भंगारात काढायचं ठरलंय. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. नव्या टॉवरमध्ये भांड्यांना जागा कुठे देणार?"

नव्या टॉवरमध्ये जिमला जागा होती. त्याचं रंगीत चित्र त्यांच्याच भिंतीवर लावलेलं होतं.

खोलीत ताटं तुटक्या खुर्च्यांच्या मागे, गोणपाटाखाली होती. धूळ बसलेली, पण एकही वाकलेलं नव्हतं. आईची मैत्रीण, आम्ही जिला मावशी म्हणतो, ती काठी टेकत मागून आली. तिच्या पाठोपाठ आणखी दोघीतिघी. आम्ही ताटं हॉलमागच्या नळावर आणली आणि मावशी पदर खोचून घासायला खाली बसायला लागली. तिचे गुडघे कामातून गेलेले.

तेव्हा मला खरा राग आला. सकाळपासूनचा राग त्याच्यापुढे काहीच नव्हता. हॉलमध्ये आमच्या घरचे धडधाकट पुरुष खुर्च्या टाकून बसले होते, मोबाईल बघत. आणि नळावर पुन्हा म्हाताऱ्या बायका. 'कोण घासणार' या प्रश्नाचं उत्तर इतकी वर्षं सगळ्यांना माहीत होतं. त्या बायका थकल्या तेव्हा पुरुषांनी उठून घासणी हातात घेतली नाही. त्यांनी प्लास्टिक आणलं.

"मावशी, तू ऊठ," मी म्हटलं आणि हॉलच्या दारात जाऊन उभी राहिले. "दादा, ये. ताटं घासायचीत. बाकीच्यांनीही या."

माझा नवरा उठून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आज नको ना. आजच्या दिवशी तमाशा कशाला?"

"आजच करायचाय मला," मी म्हटलं. "तूही चल."

तो आला नाही. दादा आला. त्याला पटलं म्हणून नाही, चार लोक बघत होते म्हणून. पँट दुमडून तो माझ्यासमोर बसला आणि ताटावर घासणी नुसती फिरवायला लागला.

"मागूनही घास," मी म्हटलं.

त्याने ताट आदळलं. "तुला सोपं आहे गं बोलायला. आईच्या आजारपणात तिचं हगणंमुतणं मी नि तुझ्या वहिनीने काढलं. तू कळव्याहून यायचीस, तासभर बसायचीस आणि जायचीस. आता ताटांवरून मला शिकवतेस?"

त्याचं खोटं नव्हतं. ते लागलंही मला. पण राग काही उतरला नाही.

"काढलंस ना तिचं सगळं? मग तिला काय आवडायचं नाही, हे माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक असणार."

त्याने ताट उलटं करून मागून घासायला घेतलं. बराच वेळ आम्ही दोघं घासत राहिलो. मध्येच त्याने मनगटाने डोळे पुसले आणि साबणाचा फेस गालाला लागला. मी बघितलं नाही असं दाखवलं. नंतर माझा नवरा येऊन ताटं पुसायला लागला.

बुद्धवंदना झाली, जेवण उशिरा वाढलं गेलं. पहिली पंगत स्टीलच्या ताटांत बसली. दुसरीच्या वेळी लोकांना घाई झाली, ताटं धुऊन येईपर्यंत कुणी थांबेना, आणि ती खोकी उघडली गेली. मी आडवी गेले नाही. पाहुण्यांच्या हातून ताट काढून घेणार होते का?

रात्री मी दादाकडेच राहिले. सकाळी पाहिलं तर गेटपाशी ठेवलेल्या काळ्या पिशव्या कुत्र्यांनी फाडल्या होत्या. वरणात भिजलेली चंदेरी ताटं गटारात, अर्ध्या भरलेल्या बाटल्या रस्त्यावर. पालिकेच्या गाडीवरची बाई हातमोज्यांशिवाय ते सगळं वेचत होती. मी झाडू घेऊन तिच्याबरोबर वाकले. सेक्रेटरी गाडी काढून बाजूने निघून गेले.

त्याच आठवड्यात मी टेम्पो करून सगळी भांडी कळव्याला घरी आणली. कमिटीला विचारलं नाही. भंगारात द्यायला त्यांनी तरी कुणाला विचारलं होतं? आता ती आमच्या पलंगाखाली आणि गॅलरीत आहेत. ज्यांना हवीत त्यांना देते, फुकट. अट एकच सांगते, घासताना घरातले पुरुष दिसले पाहिजेत. काही जण हसतात. काही जण "बघतो" म्हणून जातात आणि परत येत नाहीत. नातेवाइकांत मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. दादा बोलतो, पण मोजकं.

मागच्या महिन्यात डोंबिवलीच्या एका घरून ताटं परत आली, ती हळदीच्या डागांची, दोन वाट्या कमी. मी फोन करून चांगलं सुनावलं. त्या घरचा जावई संध्याकाळी वाट्या घेऊन आला आणि सोफ्यावर बसायला लागला. मी त्याला घासणी दिली. डागाची ताटं मोरीत तशीच ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती खारेगावला एका बारशाला जायची होती.