काठातला काळा दोरा

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते आणि मग कान गरम होतात. एकोणीसशे सव्वीस-सत्तावीस सालचा सुमार असेल. सोलापुरात मी नवाच फौजदार होतो आणि आपल्याला माणसे ओळखता येतात, असा माझा पक्का समज होता.

भवानी पेठेतल्या एका लुगड्यांच्या व्यापाऱ्याने फिर्याद दिली, की गोदामातून लुगड्यांचा गठ्ठा चोरीस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशन डायरी लिहीत होतो, तेवढ्यात त्याचा गुमास्ता ठाण्यात आला. हसतमुख, गोडबोल्या गृहस्थ. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "सायेब, माझं नाव घेऊ नका. आमचा माल इणतो त्यो इनकर हाय की, त्याच्या आतल्या खोलीत पेटी हाय. तेवढी बगा."

झडती घेतली. पेटीतून एक लुगडे निघाले, तांबडे, हिरव्या काठाचे, थेट चोरीच्या मालासारखे. व्यापाऱ्याने ते आपले म्हणून ओळखले. पंचनामा झाला, मुद्देमालाला सील लागले, विणकर कोठडीत गेला. अजून दुपारचे बारा वाजले नव्हते. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

विणकर चाळिशीचा, तेलुगू घरातला, कमी बोलणारा. चौकशीत एकच सांगत राहिला. "घरच्या सुताचं हाय, सायेब. लेकीसाटी इणलंय. माझ्याच मागावरचं."

"असेल. पण तुझ्याच मागावरचे, याला खूण काय?"

यावर त्याने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. मी हवालदाराकडे पाहून डोळा मिचकावला. मान खाली गेली म्हणजे गुन्हा कबूल, हे माझे त्या वेळचे शास्त्र. रिमांड मागितला आणि मिळाला.

मात्र पेठेला माझे शास्त्र पटले नाही. विणकराच्या गल्लीतली पंधरा-वीस माणसे रोज माग बंद ठेवून ठाण्याच्या फाटकाशी उन्हात येऊन बसू लागली. घोषणा नाही, दंगा नाही, नुसती बसायची. मी दरडावले, तर एक बाई म्हणाली, "बसलोय की नुस्तं. त्याला आत एकटं वाटू नये म्हनून." त्यांची धास्ती मला नंतर समजली. विणकराला सूत मिळते ते विश्वासावर. ज्याच्यावर चोरीचा डाग लागला, त्याच्या घरी कोणताही व्यापारी सूत पाठवत नाही. तुरुंग एकदा संपतो, पण बंद पडलेला माग पुन्हा चालत नाही.

घर चालावे म्हणून शेजाऱ्यांनी आळीपाळीने त्याच्या मागावर बसायचे ठरवले. पहिली पाळी एका म्हाताऱ्या विणकराची होती. तो मागावर बसला, ताणलेल्या सुतावरून हात फिरवला, आणि एक ओळही न विणता तडक उठून ठाण्यात आला. दोन मिनिटे भेटायची परवानगी मागितली. मला वाटले, धीर द्यायला आला असेल. तर याने कोठडीच्या गजांशी उभे राहून तेलुगूत अशी हजेरी घ्यायला सुरुवात केली, की आतला बिचारा भिंतीला टेकला. तेलुगू जाणणारा आमचा हवालदार तोंडाला रुमाल लावून हसू लागला.

"काय झाले?" मी विचारले.

"साहेब, म्हातारा म्हणतोय, हिरव्या काठात काळा दोरा घातलास? तुझ्या बापानं असं कधी केलं होतं का?"

मी ताडकन उठलो. "कोणत्या काठात?"

विणकर रडवेला होऊन सांगू लागला. "दिवेलागणीला दोरा तुटला, सायेब. अंधारात हिरवा समजून काळा जोडला. सकाळी दिसला. घरचंच लुगडं हाय म्हनून तसाच ठेवला."

"मग खूण विचारली तेव्हा हेच का नाही सांगितलेस?"

"चारचौघांत कसं सांगू? इनकर हाय मी."

चोर म्हणवून घेणे त्याने सोसले होते, पण काठ चुकला हे तोंडातून निघत नव्हते. माझे शास्त्र तिथेच आडवे झाले.

पंचांसमोर सील उघडले. लुगड्याचा काठ अर्ध्यापर्यंत निखळ हिरवा होता, पुढे कापलेल्या टोकापर्यंत त्यात एक काळा दोरा. ते टोक नेऊन त्याच्या मागावर उरलेल्या ताण्याला, म्हणजे उभ्या ताणलेल्या सुताला, लावले. तोच काळा दोरा, त्याच जागी, पुढे चालू होता. दुसरा पंचनामा झाला.

मग गुमास्त्याला बोलावले. आतल्या खोलीतली पेटी तुला कशी ठाऊक, एवढेच विचारले. मागाची पाहणी करायला गेलो होतो, म्हणाला. माग तर बाहेरच्या खोलीत, मी म्हणालो. त्याने पाणी मागितले आणि तांब्या रिकामा व्हायच्या आत सगळे ओकला. गठ्ठा त्यानेच दुधनीच्या बाजारात विकला होता आणि संशय दुसऱ्यावर जावा म्हणून विणकराच्या पेटीतले तसलेच लुगडे हेरून ठेवले होते.

कोर्टाने विणकराला निर्दोष सोडले. पुढच्या रविवारी त्याने गल्लीत सतरंज्या अंथरल्या, शेंगापोळ्या केल्या आणि पाठीशी उभ्या राहिलेल्या सगळ्यांना बोलावले. मलाही आणि त्या व्यापाऱ्यालाही निरोप आला. आपलेही आभार मानतील म्हणून मी कडक इस्त्रीचा गणवेश चढवून गेलो, हे कबूल करतो.

विणकर उभा राहिला. "मी आत हुतो तवा माझी चूल तुमी पेटती ठेवली. उन्हात बसला. चोरी केलीस का म्हनून एकानंबी इचारलं न्हाय. ह्ये मी कुटं फेडू?" मग तो म्हाताऱ्याच्या पाया पडला. म्हातारा म्हणाला, "उठ. काळा दोरा काडला का न्हाय अजून?" सगळी गल्ली हसली.

मग तो माझ्याकडे वळला. "सायेब, राग धरू नका, तुमचे आभार न्हाय मानत. तुमी चुकला, तुमीच निस्तरलं. ह्यांना मातुर उन्हात बसा म्हनून कुणी सांगितलं नव्हतं. पण एक करा. कोर्टानं कागदावर लिवलंय, हितं कागद कोन वाचतंय? तुमी तोंडानं सांगा."

गणवेशात, सगळ्या पेठेसमोर, मी उभा राहिलो. म्हणालो, "हा माणूस चोर नाही. चूक माझी होती."

मग मागे बसलेला तो फिर्यादी व्यापारी उठला आणि विणकराला म्हणाला, "उद्या येऊन सूत घेऊन जा."

पुढे माझ्या नोकरीत पुष्कळ आरोपींनी माझ्यासमोर मान खाली घातली. लाज कसली वाटते, हे प्रत्येकाला विचारल्याशिवाय मी कागदावर पेन टेकवले नाही. पण त्या दिवशी हे सगळे मनात यायला वेळ नव्हता. विणकराच्या बायकोने माझ्या ताटात दोन शेंगापोळ्या वाढल्या होत्या, आणि म्हातारा शेजारी सरकून मला जागा करून देत होता.