वेंगुर्ल्याला निघालेल्या मूर्ती

लग्न होऊन पेणजवळच्या जोह्याला आल्यापासून मी गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवते. काम आवडतं, बसणं आवडत नाही. एका बैठकीत एक पीतांबर पुरा होत नाही माझ्याच्यानं. मध्येच उठते, दारात जाऊन भातशेताकडे बघून येते, परत बसते. कारखान्याची मालकीण म्हणते, "तुझ्या पायात काय भोवरा हाय का गो?"

म्हणून त्या मे महिन्यात तिनं "मूर्तींबरोबर जहाजावरून कोण जाणार?" असं विचारलं, तेव्हा बाकीच्या एकमेकींकडे बघेपर्यंत माझं "मी" म्हणून झालं होतं.

मूर्ती शाडूच्या होत्या, रंगवून तयार, वेंगुर्ल्याच्या एका व्यापाऱ्यासाठी. आदल्या वर्षी टेम्पोनं पाठवल्या तेव्हा हायवेच्या खड्ड्यांनी निम्म्यांचे हात मोडले होते. मुंबईच्या एका गृहस्थानं दोन डोलकाठ्यांचं जुन्या घडणीचं लाकडी जहाज दुरुस्त करून घेतलं होतं. तो त्याला स्कूनर म्हणायचा, खलाशी गलबत म्हणायचे. डिझेल न जाळता नुसत्या वाऱ्यावर माल न्यायचा, असं त्यानं मनाशी घेतलं होतं. इंजिन होतं, पण ते फक्त बंदरात शिरताना आणि निघताना चालवायचं. वाटेत मूर्तींचं काही मोडलंच तर सांधायला कारागीर बरोबर हवा होता, आणि नेहमीच्या कारागिराच्या घरी लग्न होतं.

नवरा रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट करून आला तेव्हा मी पिशवी भरत होते.

"पोहता येतं का तुला?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला तरी कुठं येतंय?"

"मी कुठं चाललोय समुद्रात?"

मुलगी सुट्टीत गागोद्याला माझ्या आईकडे होती.  त्यानं स्वतःची बॅटरी आणून माझ्या पिशवीत टाकली.

धरमतरच्या खाडीत भरतीच्या पाण्यावर माल चढला. पेट्यांत पेंढा, पेंढ्यात मूर्ती, आणि पेट्या जहाजाच्या पोटात दोरांनी आवळून बांधलेल्या. तांडेल, म्हणजे जहाज चालवणारा म्हातारा, माझ्याकडे बघून मालकाला फोनवर काहीतरी बोलला. मग मला म्हणाला, "बाय, मागच्या बाजूला बसायचं. दोरांच्या मध्ये यायचं नाय." मला झोपायला त्यानं स्वतःची खोली दिली. खोली कसली, कपाटच ते.

पहिला दिवस मी ओकण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी पोट थाऱ्यावर आलं आणि पाय वळवळायला लागले. जहाजावर चालायला जागाच नव्हती. मागून पुढं आणि पुढून मागं, तेही दोर चुकवत. खलाशी सुकाणू धरत, शीड ओढत, फाटलेलं शिवत. ज्याला त्याला काम होतं, मला सोडून. जयगडच्या अलीकडे वारा पडला आणि शिडं ओल्या चादरींसारखी लोंबायला लागली. किनारा दिसत होता, माडही ओळखू येत होते, पण जहाज पुढं सरकत नव्हतं. मी तांडेलाला म्हटलं, "इंजिन लावा ना जरा."

"मालकाला विचार," तो म्हणाला आणि विडी पेटवून आडवा झाला.

शेवटी भंडाऱ्यानं माझी सोय लावली. जहाजावर स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात. हा पन्नाशीचा, वाळका, रोह्याजवळच्या नदीकाठच्या वाडीतला. त्यानं माझ्यापुढे कांद्यांचं पोतं ओढलं. "सोल. सगळं सोललंस तरी चालंल. तुला बघून माझेच पाय दुखायला लागलेत."

मी खरंच सगळे सोलले. आम्ही पुढं जेवणात, नाश्त्यात, सगळीकडे कांदाच खाल्ला आणि खलाशांनी मला शिव्या घातल्या. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायला लागले.

मग वारा आला आणि जहाज असं पळालं की मला हसूच येत राहिलं. विजयदुर्ग मागं पडला. दुपार कलताना पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं. तांडेल उठून उभा राहिला, ओरडायला लागला, आणि शिडं अर्धी उतरलीही नव्हती तोच वाऱ्याचा झोत आदळला. जहाज एका कुशीवर कललं. पोटातून धाडकन आवाज आला, मग घासल्याचा.

"पेट्या सुटल्या," मी म्हटलं.

"बाय, खाली जायचं नाय!" तांडेल सुकाणूवरून ओरडला.

मी गेले. त्या क्षणी मला शूर वगैरे वाटलं नव्हतं, वर डोलकाठी धरून नुसतं बसणं मला जमलं नसतं एवढंच. माझ्या मागून भंडारी उतरला. आत अंधार, पाण्याचा वास, आणि बॅटरीच्या उजेडात पेट्यांची एक रांग पुढं मागं सरकत होती. आम्ही पेट्यांना पाठ लावली, पाय जहाजाच्या लाकडी फासळ्यांना टेकवले आणि रेटून धरलं. घोट्यापर्यंत पाणी होतं. मला मुलगी आठवली, स्वतःचाच राग आला आणि मी पेटी आणखी जोरात रेटली.

"घाबरलीस?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"मी पण. बोलत राहू." आणि तो बोलतच सुटला. घरी त्याची बायको होती, दोन सुना होत्या, खंडानं घेतलेली शेती होती. पावसाळ्यात चार महिने तो घरी असायचा. "बायको सांगते, तुम्ही घरात आलात की घर हलायला लागतं. कधी जाताय परत?" तो हसला. मी हसले नाही. एका पेटीची कड माझ्या खांद्यात रुतली होती.

झोत जसा आला तसा गेला. वर आलो तेव्हा ऊन होतं. तांडेलानं माझ्याकडे बघितलं, रागावला नाही. भंडाऱ्याला खाली बसवून त्यानं एका खलाशाला चहा टाकायला सांगितलं.

खालच्या थरातल्या पेट्या भिजल्या होत्या. शाडूला पाणी म्हणजे मरणच. पेंढा काढला तर काही ठिकाणी मूर्तीच नव्हत्या, गाळ होता, त्यात सोनेरी रंगाच्या रेघा. मी रडले. त्या सोनेरी रेघा माझ्याच होत्या. भंडाऱ्यानं एक बादली आणली आणि तो गाळ भरायला लागला. वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर त्याच मातीनं मी बाकीच्या मूर्तींचे हात, सोंडा, कान जोडले, आणि व्यापारी डोक्यावर छत्री धरून बघत उभा राहिला. बऱ्याच त्यानं घेतल्या. उरलेली माती तांडेलानं समुद्रात सोडली. एक खलाशी म्हणाला, "पूजा झालीच नाय, मग हे विसर्जन कसलं?" तरी सगळ्यांनी हात जोडले.

कुडाळहून पॅसेंजर पकडून मी रोह्याला उतरले. नवरा शिफ्ट संपवून स्टेशनवर आला होता. फलाटावर पाय टेकला तर फलाट डोलत होता. मी त्याचा हात धरला. "काय झालं?" "काय नाय. जमीन हलतेय." घरी आल्यावरही काही दिवस ताटातलं वरण मला तिरकं दिसायचं.

जहाजाच्या मालकानं पुढच्या वर्षी माल नेणं बंद केलं. आता ते जहाज पर्यटकांना फिरवतं आणि त्यावर हॉटेलातला आचारी असतो. भंडारी काम शोधत आमच्या कारखान्यात आला. मीच मालकिणीकडे शब्द टाकला. माती मळायला त्याला ठेवलं. आठवडा संपायच्या आत तो पिशवी घेऊन रस्त्यावर उभा होता, पेणची एसटी यायची होती.

"का जाताय? पगार पटला नाय?"

"पगार बरा हाय गो. पण इथं मूर्ती सुकायची वाट बघत बसायला लागतं."

"जयगडला नाय बघत बसलात वाऱ्याची वाट?"

"तिथं खालचं पाणी तरी हालत होतं," तो म्हणाला.

गाडी आली. आत जागा रिकाम्या होत्या, तरी तो दारापाशीच उभा राहिला. पुढं त्याचा फोन आला तो गुजरातकडच्या कुठल्याशा बंदरातून. मागं भांड्यांचा आणि माणसांचा गलका होता, मला अर्धंच ऐकू आलं. बायको बरी आहे, एवढं कळलं.

यंदा मूर्ती पुन्हा टेम्पोनं जाणार आहेत. ड्रायव्हरशेजारी बसून वेंगुर्ल्यापर्यंत मी जाणार, असं मालकिणीला सांगून टाकलंय. घरी अजून बोलले नाही.