पहिल्या पोळीचा मान

सरलामावशीला तिच्या वडिलांची भिकबाळी हवी होती. नेपरव्हिलच्या घरामागची गळलेली पानं पोत्यात भरता भरता तिने मला हे सांगितलं, घरातलं मीठ संपलंय अशा सुरात. ती माझ्या आईची मैत्रीण. २००५ साली मी शिकागोत ग्रीक साहित्यात एम. ए. करत होते आणि शनिवार-रविवारी तिच्याकडे जेवायला जायचे.

"अण्णांना मी एकटी. पण भिकबाळी मिळणार थोरल्या नातवाला! मी आपली मधली पायरी."

नातू जुळे, पंधरा वर्षांचे. आधी जन्मला तो शिव. मागून आला त्याचं नाव प्रथमेश. अण्णा, म्हणजे राजाराम आजोबा, मिरजेहून ती मोत्यांची बाळी घेऊन आले आणि घरात गादीचा तंटा लागला. दवाखान्याच्या हिशेबाने शिव थोरला. अण्णांच्या हिशेबाने प्रथमेश. "पिशवीत आधी टाकलेला कांदा शेवटी निघतो," ते म्हणत. मुलांना मोत्यांचं कौतुक नव्हतं. आई एरवी कान टोचू देत नव्हती, एवढंच.

"तुझ्या त्या ग्रीकांकडे जुळ्यांचं काय करायचे गं?" मावशीने विचारलं. मी सांगितलं. तिने तीच गोष्ट मला रात्री जेवताना पुन्हा सांगायला लावली.

स्पार्टाचा राजा वारला, मागे जुळे मुलगे. थोरला कोण? राणीला ठाऊक होतं, पण दोघंही राजे व्हावेत म्हणून ती म्हणाली, मला नाही बाई ओळखू येत. मग लोकांनी तिच्यावर नजर ठेवली. आधी कुणाला न्हाऊ घालते, आधी कुणाला भरवते? रोज ज्याचा पहिला मान, तो थोरला.

अण्णा खूश. "शहाणी माणसं! ठरलं. सरला पहिली पोळी कुणाला देते ते आठवडाभर पाहायचं. तोच वारस."

"डील," मुलं म्हणाली.

सरलामावशी जन्मभर शेवटी जेवत आलेली बाई. सकाळी ऑफिसची गाडी पकडताना केळं, रात्री पातेल्याच्या बुडाशी उरलं असेल ते. सोमवारी तव्यावर पहिली पोळी टम्म फुगली. दोन ताटं पुढे सरकली. मावशीने तिच्यावर तूप सोडलं, गुंडाळी केली आणि ओट्याशी उभ्या उभ्या स्वतः खाल्ली. सावकाश.

"चुकून झालं असेल," अण्णा म्हणाले.

मंगळवारी तेच. बुधवारी तर गुळाबरोबर. शिवने न सांगता भांडी घासली. प्रथमेशने "मॉम, यू लुक सो यंग" म्हणून पाहिलं. पोळी वाट बदलेना.

शनिवारी मी पोचले तेव्हा अण्णांचा आवाज दारापर्यंत येत होता. "लबाडी आहे ही! नियम पोरांसाठी होता."

"नियम वारसासाठी होता. तुम्हीच केलात."

"अगं, थोरल्याचा मान असतो तो."

"मग मी थोरलीच आहे की, अण्णा. धाकटं कुणी असलं तर सांगा."

अण्णांच्या मिशीत काहीतरी हललं.

"आजोबा, दॅट्स नॉट फेअर!" शिव ओरडला.

"तिने खाल्ली," भिकबाळीची डबी तिच्यापुढे सरकवत अण्णा म्हणाले. "तुम्ही बघत बसलात."

भिकबाळीसाठी कानाच्या वरच्या बाजूला नवं भोक हवं होतं, म्हणून त्याच दुपारी आम्ही सगळे मॉलमध्ये. काउंटरवरच्या मुलीने जुळ्यांकडे पाहिलं आणि पालकांची सही लागेल म्हणाली. पालक कोण?

मावशी बोलायच्या आत अण्णा पुढे झाले. "आय अॅम द फादर," त्यांनी पेन मागितलं आणि मावशीकडे बोट केलं. "हर्स."