सत्कार आधी झाला

माझा भाऊ भगवंत याच्या पोटात गोष्ट राहत नाही. त्यामुळे त्याच्या आरोहीला नेदरलँड्सच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, हे त्यानं आधी गावभर केलं आणि मला, तिच्या सख्ख्या आत्याला, ते बेल्ह्याच्या चौकातल्या फ्लेक्सवर वाचायला मिळालं. 'परदेशी शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मध्ये आरोहीचा फोटो आणि भोवती शुभेच्छुक पुढाऱ्यांचे चेहरे. त्यातल्या निम्म्यांना तिचं नावही धड ठाऊक नव्हतं.

लगेच सत्कार. शाल, नारळ, भाषणं. पोरगी प्रत्येकाला सांगत होती, की अजून नुसता प्रवेश मिळालाय, शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येईल. ऐकतंय कोण? आमच्याकडे निवड म्हणजे निवड.

अवसरीच्या सरकारी कॉलेजात इंजिनिअर झालेली ही मुलगी. पाण्याचं नियोजन शिकायचं, हे तिनं आमच्या कोरड्या विहिरी बघूनच ठरवलेलं. शिष्यवृत्त्या स्वतः शोधायची, अर्ज स्वतः भरायची. सगळ्यात मोठी आशा होती जुन्नरच्या एका ट्रस्टची. गरजू मुलांचा परदेशातला सगळा खर्च ते उचलायचे. मुलाखत छान झाली होती. निकाल लागला, तर हिचं नावच नाही.

आरोही मला घेऊन तडक ट्रस्टचे प्रमुख रूपचंद शेठ यांच्या दुकानात गेली. शेठ सज्जन माणूस. ओशाळून म्हणाले, तिचं नाव पहिलं होतं. पण बेल्ह्याला जाताना बोर्ड वाचला, सत्काराचे फोटो मोबाइलवर आले, वाटलं पोरीची सोय झाली. म्हणून जागा दुसऱ्या गरजू मुलाला दिली. आता त्याच्या तोंडचा घास कसा काढायचा? काढू नका, असं आरोहीनंच सांगितलं. बाहेर आल्यावर मात्र रडली. त्या वेळी भगवंत समोर असता तर सत्काराचा नारळ मी त्याच्याच डोक्यात फोडला असता.

बेल्ह्यात परतलो तो बाजाराचा दिवस. चौकात बैलांचे टेम्पो, गर्दी. आरोहीनं शेजारच्या दुकानातून शिडी मागितली आणि वर चढून फ्लेक्सच्या दोऱ्या कापायला लागली. भगवंत धावत आला.

"आगं, लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या, अप्पा. पैसं मिळालं न्हाईत, हे खरं हाय. ते झाकून ठेवलं, तर देनाऱ्याला कळायचं कसं?"

सगळा बाजार वर बघत होता. मग भगवंतानं पुढं होऊन शिडी धरली.

तिनं प्रवेश एक वर्ष पुढं ढकलून घेतला, मंचरला नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात पुन्हा अर्ज. नकार आला की का नाकारलं म्हणून विचारायची. बहुतेक जण गप्प बसत. एका संस्थेनं कळवलं, तुम्ही स्वतः काय केलंत ते अर्जात दिसत नाही. खरंच होतं. स्वतःची टिमकी स्वतः वाजवू नये, हे आम्हीच शिकवलेलं. उन्हातान्हात फिरून तिनं गावातल्या विहिरींचं पाणी मोजलं होतं, कुठली कधी आटते ते शोधलं होतं, आणि त्यातलं अक्षरही कुठं लिहिलं नव्हतं. आता नव्या अर्जांत ते सगळं लिहिलं. त्यातला एक अर्ज नेदरलँड्सच्या त्या विद्यापीठाच्याच शिष्यवृत्तीसाठी होता; त्यांनीच फी, राहणं, तिकीट, सगळं दिलं.

या खेपेला तिनं बापाला बजावलं, की मी तिथं पोचेपर्यंत कुणाला कळता कामा नये. भगवंतानं जिभेला कुलूप घातलं. कुणी विचारलं की "बघू" म्हणायचा आणि घाईनं उठायचा. त्याचे हाल बघून मला हसूही यायचं आणि भरूनही यायचं.

ती पोचल्याचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं बैलबाजारात होतो. भगवंतानं फोन खिशात ठेवला आणि समोरच्या अनोळखी व्यापाऱ्याचा हात धरला.

"पोरगी पोचली, राव."

"सासरी का?"

"न्हाई. शिकायला," भगवंत म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तिची वाट तिनंच काढली."