जजसाहेबांनी उचललेला भंडारा

आमच्या इंग्रजीच्या सरांइतका सुंदर रडणारा माणूस मी पाहिला नाही. संगमनेरच्या कॉलेजात ते दरवर्षी एक जुनी भयकादंबरी शिकवत. शास्त्रज्ञ प्रेतांच्या तुकड्यांतून एक जीव घडवतो आणि त्याच्या रूपाला भिऊन पळतो. तो जीव सुडाने खून करतो. फासावर जाते निरपराध मोलकरीण. खरं ठाऊक असून शास्त्रज्ञ गप्प. इथे सरांचा आवाज फुटायचा, इस्त्रीचा रुमाल बाहेर यायचा.

मग ते वर्गात खटला चालवत, म्हणून पोरं त्यांना जजसाहेब म्हणत. कुणी त्या जीवाला दोषी धरलं की खेकसत, "गुन्हेगार तोंडावरून ठरवतोस? मुलगी बघायला आलायस का रे?"

पुढे मी त्यांच्याच शिफारशीवर तिथे तासिका तत्त्वावर शिकवू लागलो. त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी रोज खाल्ली. एका दुपारी त्यांच्या हातून विभागाचा नवा प्रोजेक्टर पडून फुटला. मी दारातच होतो. "शिपायांना वस्तू नीट ठेवता येत नाहीत," ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. मी मान डोलावली.

आळ आला शिपाई सोपानवर. तो काष्टी गावचा. त्याने आरोप नाकारला. तेव्हा प्राचार्यांच्या केबिनमध्ये, एवढ्या शिकलेल्या माणसांनी, शपथेसाठी खंडोबाचा बेलभंडारा मागवला. सरांनी तो कोशिंबिरीवर मीठ घालावं तितक्या सहज उचलला. सोपान मागे सरला. "खरं असलं तरी असल्या कामाला द्येव न्हाई उचलायचा, सायेब. घरात ल्येकरं हायेत." झालं, गुन्हा शाबीत! त्याची नोकरी गेली. सर मात्र त्याच आठवड्यात मोलकरणीसाठी नेहमीसारखे रडले आणि मुलींनीही डोळे पुसले. इतकं स्वस्त पाणी मी दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही.

सर मागच्या वर्षी वारले. शोकसभेत मी त्यांना न्यायप्रिय म्हणालो. टाळ्या पडल्या नाहीत एवढंच. त्यानंतर मला काष्टीला गेल्यावाचून राहवेना.

सोपान गोठ्यात धार काढत होता. मी सगळं सांगितलं. त्याने वर पाहिलं नाही.

"तुमी दारात हुता, ते मी व्हरांड्यातून पायलं हुतं."

"मग तेव्हा माझं नाव का नाही घेतलंस?"

"मला वाटलं, तुमीच बोलाल."

आमच्याकडे वैऱ्यालाही चहा विचारतात. सोपानने दुधाची किटली उचलली, तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.