शेपटीतला डबा

विमान दिसलं की माणूस आधी त्याच्या नाकाकडे बघतो. तुम्हीही तेच कराल. आमच्या मॅडम मात्र सरळ शेपटीकडे जायच्या, बोटांच्या पेरांनी पत्र्यावर टकटक करायच्या आणि आतल्या डब्याला विचारायच्या, "हायस का रं बाबा?"

लातूरकडच्या एका विमान प्रशिक्षण शाळेत मी रेडिओवर बसायचो. मॅडम तिथल्या इंजिनिअर, मूळच्या उदगीरच्या. त्यांची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. सकाळी गेटवरच्या वॉचमनला "जयभीम" करून आत आल्या, की दिवसभरात दुसरा गोड शब्द त्यांच्या तोंडून निघेलच याची खात्री नसायची.

शेपटीतला तो डबा म्हणजे एक नारिंगी यंत्र. विमान जोरात आदळलं की ते आपोआप जागं होतं आणि उपग्रहाला हाक मारतं. मग बंगळूरच्या बचाव केंद्राला कळतं, विमान कुठं पडलंय. विमान हळू उतरलं तर डबा झोपलेलाच राहतो. अशा वेळी वैमानिकाने समोरचं बटण दाबायचं असतं. डबा चालू नसेल तर उडायचं नाही, असा मॅडमचा शिरस्ता. नियमाच्या पुस्तकात काही सवलती असतीलही, मॅडमकडे नव्हत्या.

"इमान पडलं तर पडलं," त्या म्हणायच्या, "हरवायला न्हाई पायजे."

एकदा डबा बॅटरी बदलायला गेला होता आणि नेमकी त्याच दिवशी शाळेच्या मालकांना पाहुण्यांना आकाशातून एक चक्कर मारून आणायची होती. "मॅडम, इथल्या इथं. गेलो आणि आलो." मॅडमनी किल्ली ओव्हरॉलच्या खिशात टाकली आणि डबा उघडून जेवायला बसल्या. हा डबा भाकरीचा. पाहुणे शेवटी जीपमधून उदगीरचा किल्ला बघून आले.

पुढं एका विद्यार्थ्याने काच पुसता पुसता ते बटण दाबलं. थोड्या वेळाने बंगळूरहून फोन आला, "तुमचं विमान कुठं पडलंय?" विमान तर माझ्या डोळ्यांसमोर हँगरमध्ये उभं! मी घाम पुसत माफी मागितली. मॅडमनी सगळ्या पोरांना ओळीत उभं केलं.

"तिकडं माणसं हातातलं काम टाकून पळून राहिली. बटनाला उगं हात लावला, तर हात तोडून हातात देईन."

कोणत्या हातात, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. ही धमकी मग रोजचीच झाली. उमरीची सुप्रियाही त्या ओळीत होती.

हिवाळ्यातल्या एका दुपारी सुप्रिया एकटीच निघाली. नांदेड, देगलूर, उदगीर आणि परत. देगलूरवरून तिचा आवाज आला. उदगीरवरून यायला हवा होता, तो आला नाही.

मी हाका मारत राहिलो. बंगळूरला कळवलं. तिथं डब्याची हाक पोचलेली नव्हती.

"म्हणजे पडलं नसेल," मालक म्हणाले. "चांगलंच आहे की."

"न्हाईतर डब्याचा अँटेनाच मोडला आसंल," मॅडम म्हणाल्या.

शोधायला गाड्या निघाल्या, पण देगलूर ते उदगीर हा काही अंगणाएवढा मुलूख नाही. मॅडम माझ्या टेबलावर पेरांनी टकटक करत होत्या. त्यांना थांबताच येत नव्हतं.

"हळू उतरली आसंल तर बटन दाबाया पायजे की. का दाबलं न्हाई? ओ रेडिओवाले, तिला हात उचलता येत नसंल का?"

मी पुन्हा माईक ओढून सुप्रियाला हाक मारली. पोरीच्या आईला फोन करायचा का, हे मालक दोनदा विचारून गेले.

उन्हं कलल्यावर फोन वाजला. रेंजसाठी टेकडी चढून आलेला एक शेतकरी धापा टाकत होता. "ओ सार, तुमचं इमान आमच्या हरभऱ्यात हाय. पोरगी जित्ती हाय. पाय मोडलाय, लई रडून राहिली."

आम्ही पोचलो तेव्हा सुप्रिया बाजेवर पडली होती. इंजिन बंद पडल्यावर तिनं विमान सफाईनं शेतात उतरवलं होतं. पाय मोडला तो घाईत खाली उडी मारताना. मग तिला पुन्हा वर चढता आलं नाही, आणि अख्खी दुपार ती पंखाच्या सावलीत एकटीच विव्हळत पडली. मॅडमना बघताच तिनं डोळे पुसले.

"मॅडम, बटनाला हात न्हाई लावला मी," ती म्हणाली. शाबासकी मिळेल अशा आशेनं.

मॅडम तिथंच ढेकळांत बसल्या. तिचे धुळीनं भरलेले हात त्यांनी आपल्या हातात घेतले आणि किती तरी वेळ सोडलेच नाहीत. "माझं चुकलं गं पोरी," एवढंच त्यांना बोलता आलं. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

त्यानंतर आमच्या प्रत्येक विमानात त्या बटणाखाली एक पांढरी पट्टी चिकटली. तिच्यावर मॅडमचं वाकडंतिकडं अक्षर: "भिऊ नको. दाब."

तपासणीला आलेल्या साहेबांनी ती पाहिली. "मंजुरीशिवाय विमानात काही चिकटवता येत नाही, तुम्हाला माहीत नाही?"

"हाव, माहीत हाय," मॅडम म्हणाल्या. "लिहा माझ्या नावावर." साहेबांनी लिहिलं. पट्टी मात्र राहिली.

गेल्या साली मॅडम वारल्या. नव्या इंजिनिअरने नियमाप्रमाणे सगळ्या पट्ट्या खरवडून काढल्या. मला त्याचा राग आला, पण चूक त्याची नव्हती. मॅडमनीही दुसऱ्या कुणाची पट्टी ठेवली नसती.

परवा दिल्लीकडचा एक नवा मुलगा उड्डाणाआधीची तपासणी पुटपुटत होता. चुकून त्याचा माईक चालू राहिला होता. इंधन, पट्टा, दार, असं करत तो त्या बटणापर्यंत आला आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "भिऊ नको. दाब." कुणा वरच्या वर्गातल्याने त्याला शिकवलं असणार. मॅडम कोण, हेही त्याला ठाऊक नसेल.

माईक बंद कर, एवढंच मला त्याला सांगायचं होतं. पण मी आधी टेबलावर पेरांनी टकटक केली.