पालथी करवंटी

डोंगरकडा गावात कुस्त्या असल्या की आमच्या आरोग्य केंद्रातला फवारणीवाला माझ्या शेजारीच बसतो. यंदा डेंग्यूची साथ, म्हणून बसायच्या आधी त्यानं माझ्या दुमडलेल्या बाह्या खाली ओढल्या.

"हा डास दिवसाच चावून राहिला, गुरुजी. बराबर?"

त्याच्या प्रत्येक वाक्याला 'बराबर?' असतंच. मग तो आधीच्या कुस्त्यांच्या नारळांच्या मैदानभर पडलेल्या करवंट्या पालथ्या करत सुटला, पाणी साचू नये म्हणून. लोक हसत होते.

तेवढ्यात आखाड्यात उतरलेल्या त्याच्या लेकीनं कुस्ती मारली. हलगी कडाडली. तो नाचतच आखाड्यात गेला आणि त्यानं तिला खांद्यावर घेतलं. जिंकल्याचा नारळ फोडून खोबरं वाटलं, करवंटी कडेला पडली.

खांद्यावरून लेक म्हणाली, "बाबा, करवंटी पालथी करा. बराबर?"

तिला खांद्यावर घेऊनच तो वाकला.